पहिला बेस गिटार निवडताना : यामाहा टीआरबीएक्स १७४, आणि त्याआधी मिरजेत मिळालेला धडा

बाईंच्या मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसणं हे माझं अकरा वर्षांचं काम. बाईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. आधी पंचम, मग जोडीच्या दोन तारा, शेवटी खालच्या सप्तकातला खर्ज. त्या चौथ्या तारेवर बोट पडलं की भोपळ्यातून मांडीपर्यंत थरथर यायची आणि तिच्या आधाराने बाईंचा षड्ज उभा राहायचा. पुढे माझ्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. उपचार झाले, बोलण्यापुरता आवाज परत आला, गाणं मात्र थांबलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी बेस गिटार शिकायला घेतला तो त्या खर्जासाठी. मुंबईच्या मोहिनी डेला बेस वाजवताना पाहिलं होतं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस लहानपणापासून कानावर होता, फक्त तो वेगळा ऐकू यायला चाळिशी उलटावी लागली.

गाण्यातल्या माणसाला बेस किती खाली आहे हे एका वाक्यात सांगता येतं. काळी चारच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०४ कंपनांवर असते, आणि बेसची सगळ्यात बारीक, सगळ्यात उंच तार मोकळी छेडली की ९८ हर्ट्झ. म्हणजे आमचा खर्ज जिथे संपतो त्याच्याही अर्धा स्वर खाली बेसची वरची तार. तिथून खाली ७३, ५५ आणि शेवटी जाड ई तार ४१ हर्ट्झवर. पहिल्यांदा नीट ऐकली तेव्हा मी दुकानात उभी होते आणि काही सेकंद हलले नाही.

पण ते दुसऱ्या बेसचं. पहिला मी घरबसल्या मागवला, नऊ हजारांत. फोटोत सुंदर होता, चकाकणारा लाल. सोबत पिशवी, पट्टा, केबल, सगळं आलं. तीन आठवडे रोज अर्धा तास बसले आणि रोज वाटायचं की वय झालं, बोटं आता वळणार नाहीत. तार दाबायला जोर लागायचा, तळहाताच्या कडेला पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचायची. पाचव्या पडद्यावर दाबलं की खरखर. आणि एक गोष्ट कानाला फार लागायची. मोकळी तार सुरात, पण तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली की वरचा सप्तक चढा. अकरा वर्षं तंबोरा जुळवलेल्या कानाला ते सहन होईना.

माझं मेडिकलचं दुकान आहे. होलसेलच्या कामासाठी आठवड्यातून एकदा मिरजेला जाणं होतं. एकदा बेस सोबत घेतला आणि सतारमेकर गल्लीत गेले. आमचे तंबोरे वर्षानुवर्षं जिथे दुरुस्त व्हायचे तिथे. तिथल्या कारागीर चाचांनी आयुष्यात बेस हातात घेतला नव्हता. त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं, मग एकेका पडद्यावर तार दाबून ऐकत गेले.

“सहावा पडदा उठलाय,” म्हणाले. “सतारीचा असता तर तात सोडून सरकवला असता. हा लाकडात ठोकलेला.”

मग तारा जिच्यावर टेकतात ती खालची घोडी पाहिली आणि ती त्यांना आवडली. बेसच्या घोडीला प्रत्येक तारेसाठी वेगळा तुकडा असतो, स्क्रूने तो पुढे-मागे आणि वर-खाली करता येतो. चाचांनी छोटा पेचकस घेऊन ई तारेचा तुकडा मागे घेतला, म्हणजे तारेची लांबी किंचित वाढवली. वाजवलं, पुन्हा मागे घेतला. पाच मिनिटांत बाराव्या पडद्यावरचा सप्तक मोकळ्या तारेशी जुळला. मला तीन आठवडे छळणारी गोष्ट अर्ध्या फेऱ्यात गेली. पण मान पिळलेली होती, ती काही त्यांच्या हातात नव्हती.

“तंबोरा आम्ही जवारी काढल्याबिगर दुकानाबाहेर देत नाही,” बेस परत देताना ते म्हणाले. “ह्याच्यावर कुणी शेवटचा हात फिरवलेला नाही, ताई. तुमच्या बोटांचा काय दोष?”

बेस निवडण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील. तंबोऱ्याचं लाकूड, भोपळा, नक्षी सगळं उत्तम असलं तरी घोडीवर जवारी लागली नसेल, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला गुंजणारा झणकार दिलेला नसेल, तर तो बोलत नाही. बेसमध्ये जवारी नको असते, उलट तार प्रत्येक पडद्यावर स्वच्छ सुटायला हवी, पण शेवटचा हात तितकाच लागतो. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिने मानेचा बाक ठरतो. वरच्या पट्टीतल्या खाचांची खोली, तारांची उंची, घोडीच्या तुकड्यांची जागा, हे सगळं जुळलं की त्याला दुकानात सेटअप म्हणतात. स्वस्त बेसमध्ये पैसे वाचतात ते बहुतेक वेळा इथेच. आणि नवशिक्याला नेमकं हेच कळत नाही, तो स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. कितीजणांनी असं शिकणं सोडलं असेल याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परत करायची मुदत दहा दिवसांची होती, ती कधीच संपली होती. म्हणून दुसऱ्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून थेट मुंबई. सकाळी सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलाव. दुकानं उघडायला वेळ होता, म्हणून जेर महालातल्या कयानीत ब्रून मस्का आणि चहा घेऊन बसले. त्याच भागात, मेट्रो सिनेमाजवळ फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे. १८६५ सालचं नाव. जेर महालच्या वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे कूड आहेत, बोटीवर कामाला जाणारी माणसं आणि वादक पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरत आलेत. पाश्चात्त्य वाद्य घ्यायला याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही.

मी दुकानात एकच गोष्ट आधी सांगितली, की मला वाजवता येत नाही, पण ऐकता येतं. एकामागून एक बेस काढून दिले, कुणी घाई केली नाही.

मी काय पाहिलं ते सांगते, कारण त्याला वाजवता यावं लागत नाही. बसून बेस मांडीवर घेतला आणि डावा हात सोडून दिला. मान खाली झुकली तर तो बेस नको, कारण मग डावा हात आयुष्यभर मान उचलण्यात जाईल. मानेच्या दोन्ही कडांवरून हळूच बोट फिरवलं, पडद्यांची टोकं टोचतात का ते कळतं. मग चारही तारांवर पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत एकेक सूर. कंटाळवाणं काम आहे, पंधरा मिनिटं लागतात, पण मेलेला किंवा खरखरणारा पडदा असाच सापडतो. मोकळी तार आणि बारावा पडदा. आवाजाच्या खुंट्या फिरवताना करकर येते का. माझ्याकडे कंपासपेटीतली स्टीलची पट्टी होती, तिने बाराव्या पडद्यावर ई तारेची उंची मोजली. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर बोटांना सुख. माझ्या लाल बेसवर ती चार होती.

लांबीचा, म्हणजे वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत मोकळी तार किती लांब याचा, विचार मात्र या सगळ्याआधी करायला हवा. लिओ फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंच ही लांबी रूढ झाली. उभ्या मोठ्या बेसला नसलेले पडदे त्याला होते, म्हणून सूर नेमका लागायचा, म्हणून प्रिसिजन. ३४ इंचांवर नटपासून, म्हणजे त्या वरच्या पट्टीपासून, चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर भरतं १७.८ सेंटिमीटर. माझी पूर्ण ताणलेली वीत १८. दुकानात मी आयबानेझचा मिक्रो, जीएसआरएम २०, हातात घेतला. त्याची लांबी २८.६ इंच, तेच अंतर १५ सेंटिमीटरवर येतं आणि हात एकदम सैलावतो. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर ताणही सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो, म्हणून दाबायला सोपा. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मी डोळे मिटून हाच सांगेन. लहान बेस म्हणजे खेळणं असं कुणी म्हणालं तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर आठवा, तो ३० इंचांचा आहे. माझा हात त्यावर सुखात होता, पण मला तारेचा ताण हवा होता. खर्जाची तार ढिली लागली की माझं मन लागत नाही, ही तंबोऱ्याची सवय.

यामाहा टीआरबीएक्स १७४ मी सगळ्यात शेवटी घेतला आणि डावा हात सोडल्यावर मान जिथल्या तिथे राहिली. ३४ इंची, २४ पडदे, मेपलची मान. यामाहा १८८७ साली रीड ऑर्गन बनवत सुरू झालेली कंपनी, म्हणजे आपल्या पायपेटीची भावकी, आणि तिच्या चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. मानेच्या टोकाला ते चिन्ह दिसलं की मला बरं वाटतं. पण निवडला तो कानाने. ई तारेवर पहिल्या पडद्यापासून वर जाताना प्रत्येक सूर सारख्या वजनाचा होता, कुठे पोकळ नाही, कुठे दाट नाही.

दोन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन उचलणारी चुंबकं, आहेत. मानेकडचा दोन तुकड्यांचा, प्रिसिजनच्या पद्धतीचा, आवाज गोल आणि भरदार. घोडीकडचा सरळ, फेंडरच्याच जॅझ बेसच्या पद्धतीचा, त्यात धार. दोघांना वेगळी व्हॉल्यूमची खुंटी आणि मिळून एक टोन. पुढचा पूर्ण उघडा, मागचा अर्धा, टोन मध्यावर, ही माझी जागा. मागचा एकटाच उघडला तर ट्यूबलाइटजवळ गुणगुण येते, त्या जातीच्या पिकअपचा तो स्वभावच आहे. आत बॅटरी लागत नाही, हे मला नवशिक्यासाठी मोठं सुख वाटतं. आवाज आला नाही तर दोष केबलमध्ये किंवा खुंटीत, तिसरं काही शोधावं लागत नाही.

पैसे देण्याआधी मी सेटअप मागितला. चाचांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुकानातला कारागीर हसला, आणि पाऊण तास त्याने त्या बेसवर घालवला. तार दोन बोटांनी दाबून मानेचा बाक पाहिला, सळईला पाव फेरा दिला, घोडीचे चारही तुकडे जुळवले. मी शेजारी बसून ऐकत होते. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी पन्नास मिनिटं वाजवलं आणि हात दुखला नाही. बोटं तीच होती.

माझा शिक्षक चोवीस वर्षांचा आहे, मिरजेत चर्चमध्ये वाजवतो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, “काकू, पाचव्या पडद्याच्या खाली चारही बोटं ताणू नका. पहिलं, दुसरं आणि करंगळी, तिसरं नुसतं करंगळीला आधार द्यायला.” उभ्या मोठ्या बेसची ही जुनी रीत आहे. १८ सेंटिमीटरची वीत पुरते ती त्यामुळे.

ऐकण्यासाठी काय, हा प्रश्न बेस घेताना कुणी विचारत नाही आणि घरी येऊन फसतो. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघतच नाही, ई तार वाजतेय की नाही तेही कळत नाही. घरी साध्या गिटारचा अँप्लिफायर असेल तर त्यावर बेस मोठ्याने लावू नका, स्पीकर फाटू शकतो. मी फ्लॅटमध्ये राहते, वाजवायला बसते ती दुकान बंद करून रात्री दहानंतर. म्हणून बेसमध्ये थेट खोचायचा छोटा अँप्लिफायर, व्हॉक्सचा अँपप्लग बेस, आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला. दहा महिन्यांत मला याच्यापलीकडे काही लागलेलं नाही. माझ्या बजेटचे चार भाग केले तर तीन बेसला गेले, एक यात, पट्ट्यात आणि ट्यूनरमध्ये. पट्टा रुंद घ्या, अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

सांगलीचा पावसाळा बेसलाही लागतो. जुलैत तारा वर आल्यासारख्या वाटल्या, पट्टी लावली तर अडीचच्या तीन झाल्या होत्या. लाकूड ओल धरतं, मान हलते, तंबोऱ्याचंही असंच होतं. शिक्षकाने सळईला पाव फेरा दिला आणि एक दिवस थांबून पुन्हा मोजायला सांगितलं. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त कधीच नाही, आणि पहिल्यांदा कुणा जाणकाराच्या समोर.

राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्यांच्या तारा काढून मी सपाट वेटोळ्यांच्या, फ्लॅटवाउंड बसवल्या. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे बेस वाजवणारे जेम्स जेमरसन अशाच तारा वापरायचे आणि बदलायचे नाहीत म्हणतात. बोट सरकताना चर्रकन आवाज येत नाही, सूर लवकर मिटतो, आणि तळ असा मऊ येतो की तंबोरा आठवतो.

फुर्टाडोजला जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, दुकान उघडताच जा. बेसचा एकेक पडदा ऐकायला शांतता लागते, आणि संध्याकाळी शेजारी कुणीतरी ड्रम वाजवून पाहत असतं. स्टीलची पट्टी सोबत न्या. सेटअप मागा, तो होईपर्यंत तिथेच बसा. माझा लाल बेस अजून घरी आहे. चाचा म्हणालेत, सहाव्या पडद्याचं काहीतरी बघतो, घेऊन या.