विश्रामबागेतला इंग्लिश क्लास: कॅन, कुड, मे, माइटसाठी लावावा का?

सांगलीत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला काय तोटा नाही, विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत नुसते बोर्ड बघत जा. पण बहुतेक ठिकाणी मोडल व्हर्ब, म्हणजे कॅन, मे, मस्टसारखी शक्यता-खात्री सांगणारी क्रियापदं, यांचा नुसता एक तक्ता, डावीकडं कॅन, उजवीकडं शकणे, पाठ करा आणि चला पुढच्या धड्याला. मी ज्या क्लासबद्दल लिहितेय तो विश्रामबागेत एका घराच्या वरच्या मजल्यावर भरतो, मॅडम एकट्याच शिकवतात, त्यांना जाहिरात आवडत नाही म्हणून नाव टाकत नाही. पण ही शब्दांची जोडगोळी इतकी नीट शिकवणारं मला तरी दुसरं कुणी भेटलेलं नाही.

मॅडम अर्थ सांगून सुरुवातच करत नाहीत. आधी विचारतात, "तुम्हाला किती खात्री आहे ते सांगा, शब्द मग बघू." आमची बॅच ऐन पावसाळ्यातली, त्यामुळं उदाहरणं शोधायला लांब जायला लागलं नाही. फळ्यावर कृष्णेवरचा आयर्विन पूल काढला, 40 फुटांवर पाण्याची इशारा पातळी, 45 वर धोका पातळी, हे आकडे सांगलीत पोराटोरांना पण पाठ. मग वाक्य, "द कृष्णा कॅन राइज व्हेरी फास्ट." हा नदीचा स्वभाव झाला, 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलेलं सगळ्यांनी बघितलंय, म्हणून कॅन. पण आज रात्री पाणी चाळीसला जाईल का, हे सांगायचं असेल तर तिथं कॅन चालत नाही, "द वॉटर मे रीच फॉर्टी फीट टुनाइट" म्हणायचं, माइट चालतं, कुड पण चालतं. आपण मराठीत दोन्हीकडं "जाऊ शकतं" म्हणतो ना, म्हणून जीभ आपोआप कॅनकडं वळते, आणि ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम झालं असं माझं ठाम मत आहे.

मे म्हणजे पन्नास टक्के आणि माइट म्हणजे तीस टक्के असले तक्ते मोबाइलवर फिरत असतात, ते मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवायला लावले. माइटमध्ये शंका जरा जास्त वाटते एवढं खरं, पण रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस बऱ्याचदा दोन्ही सारखेच वापरतो. आणि "मे इट रेन?" असा प्रश्न शंकेसाठी कुणी विचारत नाही, तिथं "डू यू थिंक इट विल रेन?" म्हणायचं.

मस्टचा तास तर मला फार आवडला. समजा इस्लामपूरकडनं एकही एसटी आलेली नाही, मग आपण अंदाज बांधतो, रस्त्यावर पाणी आलं असणार. "देअर मस्ट बी वॉटर ऑन द रोड." आता याच्या उलट काय? वर्गात सगळे "मस्टन्ट बी" म्हणाले, पण मस्टन्ट म्हणजे मनाई, पुलावर जायचं नाही वगैरे. अंदाजाचं उलट "कान्ट बी". आमच्या बॅचला गावभागातले एक काका होते, रिटायर झाल्यावर नातवंडांशी बोलता यावं म्हणून यायचे, ते दुसऱ्या दिवशी घरून दहा वाक्यं लिहून घेऊन आले, सगळी त्यांच्या गल्लीतली. मॅडमनी ती सगळी वाचली आणि प्रत्येक वाक्यावर बोलल्या, घाई केली नाही. असा वेळ देणारं माणूस हल्ली मिळत नाही हो.

त्याच काकांवरनं कुड आणि वॉज एबल टु निघालं. तरुणपणी काका कृष्णा पोहून पार करायचे, तेव्हा "ही कुड स्विम अक्रॉस द रिव्हर," कारण अंगात ती कला होती. पण महापुरात ते बोटीनं बाहेर पडले, ते एकदाच घडलेलं आणि जमलेलं काम, तिथं "ही वॉज एबल टु गेट आउट" म्हणायचं, कुड म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं अजून पुढं काहीतरी सांगायचंय. नकारात मात्र हा भेद राहत नाही, कुडन्ट दोन्हीकडं चालतं.

मी हळदीच्या एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे, मार्केट यार्डला, दिवसभर बाहेरच्या पार्टीला मेल. तिथं या शिकवणीचा खरा उपयोग होतो. "वी कॅन डिस्पॅच बाय फ्रायडे" लिहिलं की समोरचा ते पक्कं धरतो आणि पुढची सगळी आखणी त्यावर करतो. पॉलिशचं काम अजून चालू असेल तर "वी शुड बी एबल टु," आणि कंटेनरच मिळाला नसेल तर "वी माइट बी एबल टु." पुढच्या महिन्याचं सांगायचं असेल तर विल बी एबल टु, कारण दोन मोडल एकाला एक लागत नाहीत, विल कॅन असं काही नसतंच. आणि कॅन किंवा मेच्या मागं टु लावायचा नाही, ही कॅन टु स्पीक असं म्हणणारे आमच्या यार्डात भरपूर आहेत.

"गाडी कराडला पोचली असेल" हे आपण फोनवर बोलतो तेव्हा आवाजावरनं कळतं की खात्रीनं बोलतोय का नुसतं धकवतोय. मेलमध्ये आवाज नसतो, तिथं मस्ट हॅव रीच्ड आणि माइट हॅव रीच्ड यातलं एक निवडायलाच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला चुकीची आशा लागते. व्यापारात ही फसवणूक नसली तरी विश्वास जातो, आणि सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं असताना आपली भाषा पण तेवढीच चोख पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता कमी काय ते पण सांगते. ऐकण्याचा सराव फार कमी आहे. बोलताना कॅन अगदी "कन्" एवढाच ऐकू येतो आणि कान्टमधला शेवटचा ट अमेरिकन माणूस जवळजवळ गिळतो, फोनवर होकार का नकार हेच कळत नाही, यावर रेकॉर्डिंग लावून रोज दहा मिनिटं घ्यायला हवीत. मॅडमना मी तसं सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं. नोट्स हाताच्या आणि झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं पुसट. सुट्टीत कॉलेजची पोरं येतात तेव्हा खोली गच्च भरते आणि बोलायला नंबर लागत नाही. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून जावं.

फी साडेतीन हजार, दोन हप्त्यांत चालते. स्पर्धा परीक्षेचे प्रश्न सोडवून घेणार असं वाटत असेल तर इथं जाऊ नका, तसला सराव नाही. टेन्स अजून कच्चे असतील तर आधी मॅडमची बेसिक बॅच करा, नाहीतर मस्ट हॅवला आलात की गाडी अडते. ज्यांना ऑफिसात मेल लिहायला लागतात, नर्सिंगवाल्या मुली, बँकेतले, त्यांनी जरूर लावा. संध्याकाळची बॅच लवकर भरते, तासगाव किंवा जयसिंगपूरवरनं येणार असाल तर सकाळची सातची धरा, एसटी मिळते आणि तेव्हा खोलीत माणसं पण कमी असतात.