मराठीतली ती खिडकी खोटी होती

गेल्या मे महिन्यात सोसायटीचे पीककर्ज घेण्यासाठी मला भातशेतीची पहाणी, म्हणजे उतारा, हवी होती. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात जन्म गेल्याने बाजारापुरते कन्नड मला बोलता येते, पण महसुली कन्नड वाचून घ्यायला आजही कागद घेऊन दुसऱ्याच्या दारी जावे लागते. म्हणूनच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘तुमची पहाणी मराठीत पाहा’ असा दुवा आला, तेव्हा कोणीतरी आपल्या माणसांची अडचण ओळखली असे वाटून मी तो लगेच उघडला.

तेथे नवा पासवर्ड मागितला नव्हता. ‘आपल्या ई-मेल खात्याने प्रवेश करा’ एवढेच बटण होते. ही पद्धत मुळात वाईट नाही. खरोखरीच्या एकल प्रवेशात, म्हणजे एकाच खात्याने अनेक ठिकाणी शिरण्याच्या सोयीत, संकेतस्थळाला आपला पासवर्ड कळतच नाही. ज्या कंपनीकडे खाते आहे तिच्या पानावर ओळख तपासली जाते आणि ‘हा माणूस तोच आहे’ एवढी सही केलेली हमी संकेतस्थळाला मिळते. केंद्र सरकारनेही ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे सुरू केलेली ‘मेरी पहचान’ ही सेवा याच तत्त्वावर चालते.

बटण दाबताच लॅपटॉपवर एक छोटी खिडकी उघडली. वर कुलपाचे चिन्ह आणि कंपनीचा अचूक पत्ता होता. तो मी अक्षर न् अक्षर वाचला. परंतु ती खिडकी नव्हतीच. पत्त्याच्या पट्टीसकट ते सगळे त्या पानातच रेखाटलेले चित्र होते. पुतण्याने नंतर दाखवून दिले की खरी खिडकी माऊसने ओढली तर ब्राउझरच्या कडेबाहेर जाते, ही मात्र कडेपाशीच अडत होती. मी पासवर्ड भरल्यावर मोबाईलवर खात्री करण्याचा संदेश आला, खिडकीत दिसणारा आकडा मी मोबाईलवर निवडला, आणि त्याच क्षणी माझा पासवर्ड घेऊन खऱ्या पानावर थांबलेल्या माणसाला मी स्वतःच्या हाताने आत घेतले.

रात्रीतून खात्याला जोडलेला माझा मोबाईल क्रमांक बदलला गेला. खरेदीचे संकेतस्थळ, प्रवासाची तिकिटे, विमा, सगळे त्या एकाच खात्याने उघडत असल्यामुळे चोरांना दुसरा पासवर्ड लागलाच नाही. उधारीवर २३,६०० रुपयांचा माल मागवला गेला. माझ्या नावाने दवाखान्याच्या खर्चाची पत्रे नातेवाइकांना गेली आणि कोल्हापूरच्या मेहुण्यांनी १५,००० रुपये पाठवले. त्यांनी त्याबद्दल आजवर शब्द काढलेला नाही, आणि मला तेच जास्त लागते.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार नोंदवली. ती रात्रीच करायला हवी होती, कारण समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तरच ते अडवता येतात. खाते परत मिळाले ते बदलण्यापूर्वीचा क्रमांक काही दिवस चालत असल्यामुळे आणि विनंती घरच्या नेहमीच्या लॅपटॉपवरून केल्यामुळे. पासवर्ड बदलून मी निर्धास्त झालो होतो, पण पुतण्याने ई-मेलच्या सेटिंगमध्ये पाहिले तेव्हा बँकेच्या प्रत्येक पत्राची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जाईल असा नियम तेथे लावून ठेवलेला सापडला. तो नियम, खात्याला जोडलेली अ‍ॅप आणि इतर उपकरणांवरील प्रवेश, हे सारे स्वतः उघडून पाहावे लागते.

आता मी पासकी वापरतो, म्हणजे पासवर्ड टाइप करण्याऐवजी माझ्या उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली. ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असल्याने नकली पानावर चालत नाही. शिवाय आधी वेगळ्या टॅबमध्ये स्वतः पत्ता टाकून खात्यात शिरतो. त्यानंतरही एखाद्या संकेतस्थळाच्या खिडकीने पासवर्ड मागितला, तर ते पान तिथेच बंद करतो.

पहाणी शेवटी नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, घेतली आणि शेजारच्या गुरुजींकडून वाचून घेतली. तोच संदेश गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका नातेवाइकाने मला पुढे पाठवला. त्यात पहाणीऐवजी आता कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या हप्त्याचे नाव आहे.