लंडनचं जुनं ऑपरेशन थिएटर: ५२ पायऱ्या चढून नक्की जा
मी मिरजेत एकतीस वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते. लेक आता लंडनमध्ये सर्जरी शिकते. तिच्याकडे गेले तेव्हा बाकी काही दाखवायच्या आधी ती मला लंडन ब्रिज स्टेशनजवळच्या 'ओल्ड ऑपरेटिंग थिएटर' संग्रहालयात घेऊन गेली.

गोल, अरुंद जिन्याच्या ५२ पायऱ्या. गुडघेदुखी असेल तर सावकाश चढा, पण चढा. वर चर्चचा पोटमाळा. सेंट थॉमस हॉस्पिटलनं बायकांच्या वॉर्डाला लागून १८२२ मध्ये इथं थिएटर बांधलं. १८६२ मध्ये हॉस्पिटल हललं आणि ही खोली विसरली गेली, ती १९५६ मध्ये पुन्हा सापडली.

मधोमध साधं लाकडी टेबल, वर छतातून येणारा उजेड. टेबलाखाली भुशाची पेटी. रक्त सांडेल तिकडे ती पायानं सरकवायची. मी ती पेटी बराच वेळ बघत राहिले. आम्ही रक्त टिपायचा एक मॉप (कापडाची घडी) मोजायचा राहिला तर टाके घालू द्यायचो नाही! सुरुवातीची चोवीस वर्षं इथं भूल द्यायचं ईथरसुद्धा नव्हतं, बाई शुद्धीवर असायची. आणि सर्जन जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरलं १८६५ मध्ये, म्हणजे जंतू मारायची ती युक्ती या टेबलापर्यंत पोचलीच नाही.

टेबलाभोवती अर्धवर्तुळात लाकडी कठडे. विद्यार्थी दाटीवाटीनं उभे राहून शिकायचे. सगळे पुरुष. टेबलावर मात्र बाई.

लेकीनं तिथंच मला डॉ. जेम्स बॅरींची गोष्ट सांगितली. हे थिएटर व्हायच्या दहा वर्षं आधी, १८१२ मध्ये, एडिनबराची एम.डी. घेऊन ते याच हॉस्पिटलात शिकायला आले. प्रबंध फेमोरल, म्हणजे जांघेजवळच्या हर्नियावर. ॲस्टली कूपरसारख्या सर्जनचं काम बघून १८१३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची परीक्षा पास झाले आणि सैन्यात गेले. १८२६ मध्ये केपटाउनला त्यांनी सिझेरियन केलं. भूल नव्हती, तरी आई आणि बाळ दोघंही वाचली. आईवडलांनी बाळाचं नावही जेम्स बॅरी ठेवलं. मी किती सिझेरियनला उभी राहिले असेन, पण हे ऐकून अंगावर काटा आला. १८६५ मध्ये ते वारले. अंगावरचे कपडे उतरवणाऱ्या बाईनं सांगितलं, हे शरीर बाईचं आहे. जन्माचं नाव मार्गारेट बल्कली, गाव आयर्लंडमधलं कॉर्क. त्या नावानं एडिनबराचं दारही उघडलं नसतं.

शेजारच्या खोलीत वाळवलेल्या औषधी वनस्पती आणि जुनी हत्यारं आहेत. हाड कापायची करवत बघून घ्या, आजचीही फार वेगळी नाही. दीड-दोन तास हाताशी ठेवा.

निघताना लेक दुसऱ्या रांगेतल्या कठड्याला टेकून उभी राहिली. "आई, इथून सगळं दिसतं गं," म्हणाली.