पहिल्या नंबरावरचं चिकन आणि खाली लपलेला वाटाणा

पिशवीवर पुढे मांसाच्या तुकड्यांचा मोठा फोटो, मागे घटकांच्या यादीत पहिलंच नाव 'ताजं चिकन'. कुत्र्याचं कोरडं खाद्य घेताना बरेच जण एवढंच वाचतात आणि मांसाच्या भावाने धान्य-कडधान्य घेऊन येतात. लेबलवर एक अक्षर खोटं नसतं, म्हणून तक्रारीलाही जागा राहत नाही.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात खरे, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. समजा, १०० किलो मालात २४ किलो चिकन घातलं. खाद्याचे दाणे वाळेपर्यंत त्याचं जेमतेम ८ किलो उरतं. आता यादीत खाली या. वाटाणा १२ किलो, वाटाण्याचं पीठ १०, वाटाण्याचं प्रोटीन ६. तीन नावांनी लिहिल्यामुळे तिन्ही चिकनच्या मागे राहतात. बेरीज मात्र २८ किलो, आणि हा माल मुळातच कोरडा, त्यामुळे फारसा आटत नाही. तांदूळ, कणी आणि तांदळाचा कोंडा हे असंच दुसरं त्रिकूट. लेबलवर बहुधा किलो नसतात, नावंच असतात. तेव्हा एकाच धान्याची किती रूपं आलीत ते आधी मोजा.

'चिकन मील' (शिजवून, वाळवून केलेली चिकनची पूड) वाचून मात्र नाक मुरडू नका. त्यातलं पाणी आधीच काढलेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या नंबरावरचं मीलसुद्धा पहिल्या नंबरावरच्या ताज्या चिकनपेक्षा जास्त प्रोटीन देऊ शकतं. नुसतं 'मीट मील' लिहिलं असेल तर प्राणी कोणता, हे कळायला मार्ग नाही.

'क्रूड प्रोटीन २६ टक्के' हा आकडाही मांस मोजून येत नाही. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. वाटाण्याचा नायट्रोजन आणि चिकनचा नायट्रोजन या हिशोबात सारखेच. २००७ मध्ये याच पळवाटेतून गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रोटीनमध्ये) मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं गेलं आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या.

कार्बोहायड्रेटचा आकडा बहुतेक पिशव्यांवर नसतोच. तो आपण काढायचा: १०० मधून प्रोटीन २६, फॅट १४, ओलावा १०, फायबर ४ आणि राख (म्हणजे खनिजं) ७ वजा केले की उरले ३९. राख दिली नसेल तर ७ धरा, अंदाजापुरतं चालतं. ओल्या डब्याशी तुलना करायची असेल तर आधी दोन्हींतलं पाणी वजा करा. १० टक्के ओलाव्याच्या खाद्यातलं २६ टक्के प्रोटीन कोरड्या वजनावर जवळपास २९ होतं. ७८ टक्के ओलाव्याच्या डब्यातलं ९ टक्के थेट ४१ वर जातं.

सगळ्यात महाग पडतो तो 'किमान' हा शब्द. 'फॅट किमान १२' म्हणजे आत १६ असलं तरी लेबल खरंच. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला तो फरक बाधू शकतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कोरड्या वजनावर १.८ टक्क्यांपुढे नको, आणि पिशवीवर असतं 'किमान १.२'. कंपनीला लिहून प्रत्यक्ष तपासणीतले सरासरी आकडे मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर त्या पिल्लासाठी दुसरी पिशवी बघा.