किती सांगावं लागेल? लहानपणीच्या अत्याचारासाठी मोठेपणी मदत निवडताना

गौरी जेवायच्या आदल्या रात्री मी आणि माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरात बसलो होतो. मी नारळ खवत होते, तो वेलदोडे सोलत होता. उद्या आरतीला कोण कोण येणार त्यांची नावं आई बाहेरून मोठ्यानं सांगत होती. एका नावाशी त्याचा हात थांबला. "ताई, ते येणार असतील तर मी सकाळीच निघतो." मग मान खाली घालूनच, चार वाक्यांत, त्यानं सांगितलं की तो नऊ वर्षांचा असताना त्या माणसानं वर्षभर त्याच्याशी काय केलं. हे सांगताना माझा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा होता.

माझ्या तोंडून निघालं, "मग तेव्हाच का नाही बोललास?" त्यानं हात धुतले आणि तो झोपायला गेला. पुढं पाच महिने विषय नाही.

मग एक दिवस फोन आला. "कुणाकडे तरी जावं म्हणतोय. पण ताई, किती सांगावं लागेल?" फी, अंतर, रजा हे सगळं त्याच्या लेखी नंतरचं होतं. पुढची दोन वर्षं आम्ही जे जे पाहिलं ते याच मापानं तोललं, आणि इथंही मी तेच माप लावतेय. त्यानं हा मजकूर वाचलाय. काय गाळायचं ते त्यानंच ठरवलं.

माझा तो प्रश्न का चुकला ते आधी सांगते, कारण तो प्रत्येक घरात विचारला जातो. फार मोठ्या भीतीत शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं. नऊ वर्षांचं मूल घरातल्या मोठ्या माणसाशी लढू शकत नाही, त्याच्यापासून पळून जाणार तरी कुठं? ते गोठतं. ओरडलं नाही म्हणजे त्याला चाललं असा त्याचा अर्थ होत नाही. अशा वेळच्या आठवणीही सलग गोष्टीसारख्या राहत नाहीत. वास, जिन्याचा आवाज, पंख्याची घरघर असे तुकडे राहतात आणि तीस वर्षांनी एखादा तुकडा अचानक समोर येतो. माझा भाऊ एका विशिष्ट केशतेलाच्या वासानं भर लग्नातून उठून गेला होता. आम्ही त्याला तुसडा म्हणालो होतो.

आणि मुलग्यांचं असं कसं होईल, असं वाटणाऱ्यांसाठी: केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

मानसोपचारतज्ज्ञ की मानसशास्त्रज्ञ

लोक दोघांनाही 'डॉक्टर' म्हणतात आणि इथंच पहिला घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढं शिकलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. त्याच्याकडे घटनेबद्दल सगळ्यात कमी सांगावं लागतं. झोप, छातीतली धडधड, वाईट स्वप्नं, दारू, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, एवढं कळलं तरी तो उपचार सुरू करू शकतो. "लहानपणी एक वाईट प्रसंग घडलाय, तपशील आत्ता नको" हे वाक्य तिथं पुरतं.

आमचा पहिला अनुभव मात्र वाईट होता. दार उघडं, बाहेर रांग, आणि आत "बोला, काय होतंय?" भाऊ बोलला नाही. सात मिनिटांत चिठ्ठी हातात. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दार लावलं आणि विचारलं, "कुठं बसलात तर बरं वाटेल?" तो दाराकडे तोंड करून बसला. एवढ्या एका प्रश्नानं मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तुम्ही कुणाला घेऊन जाणार असाल तर पदव्यांबरोबर हेही बघा.

आघाताच्या, म्हणजे मनाला बसलेल्या अशा धक्क्याच्या, त्रासावर बहुधा सर्ट्रालीन किंवा पॅरोक्सेटीन अशा गटातली गोळी देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनानं एकदम बंद करायची नसते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी त्या रात्रीपुरती शांतता मिळते, पण सवय लागते आणि मूळ आघात जिथल्या तिथं राहतो. लांबच्या उपचारासाठी तज्ज्ञ त्या सुचवत नाहीत. कुणी महिनोन् महिने त्याच देत असेल तर स्पष्ट विचारा.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे औषध नसतं, वेळ असतो. पाऊण तास, तासभर. तिथं सांगावं लागतं, पण हप्त्याहप्त्यानं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि तो नंबर विचारण्यात काही गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र चार आठवड्यांचा कोर्स केलेलेही लावतात, म्हणून तिथं दुप्पट चौकशी करा: लहानपणीच्या अत्याचारातून आलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का, आणि कुठल्या पद्धतीनं? पहिल्याच भेटीत "त्यांना माफ करून टाका, मन हलकं होईल" असं कुणी म्हणालं तर दुसरी भेट नको.

माझं मत विचाराल तर, झोपच उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोही आजच. माणूस दिवस ढकलतोय पण आतून थिजलाय, तर आधी मानसशास्त्रज्ञ. आमच्याकडे शेवटी दोन्ही एकदम चाललं. पैशाचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञाच्या एका भेटीला आम्ही १,२०० रुपये देत होतो, महिन्यातून चार वेळा. ते झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथं जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे, हे आईला समजावताना मला आठवडा लागला.

बोलून बरं होण्याच्या दोन वाटा

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण इथंच 'किती सांगावं लागेल' याचं उत्तर सगळ्यात जास्त बदलतं.

पहिली वाट आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे ज्याला सगळे सीबीटी म्हणतात त्याचाच एक प्रकार. यात लहानपणी मनात रुतलेलं वाक्य शोधतात. माझ्या भावाचं वाक्य होतं, "मीच परत परत त्या खोलीत गेलो." ते वहीत लिहायचं आणि मग पुरावा तपासल्यासारखं तपासायचं. कोण बोलावत होतं? नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? आज तुझ्या ओळखीतला नऊ वर्षांचा मुलगा असाच गेला तर दोष कुणाचा? घरी करायला लिखाण असतं. काही पद्धतींत घटना तपशिलानं पुन्हा सांगावी लागते, काहींत विचारांवरच काम करून भागतं. हे सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

दुसरी वाट ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणीवर काम करायची पद्धत. फ्रान्सीन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ पासून ती विकसित केली. आठवणीचा एक तुकडा मनात धरायचा आणि समोरच्याची बोटं डावी-उजवीकडे हलतील तशी नजर फिरवायची. काही जण बोटांऐवजी गुडघ्यांवर आलटून पालटून हलकी थाप मारतात. मधूनमधून थांबून एवढंच विचारतात, "आता काय येतंय?" आणि त्रास शून्य ते दहामध्ये किती. मनात काय चाललंय त्याचा तपशील मोठ्यानं सांगावाच लागतो असं नाही. एक भेट तास-दीड तासाची. आम्हाला हे जादूटोण्यासारखं वाटलं होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या त्रासासाठी या दोन्ही उपचारांची शिफारस आहे. डोळे हलवण्यानं नेमकं काय होतं याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत. उपचार लागू पडतो याबद्दल फारसा नाही.

शब्द सापडत नाहीत, सांगायची लाज जात नाही अशा माणसाला मी ईएमडीआर आधी सुचवेन. ज्याला सगळं आठवतंय, जो बोलू शकतोय, पण दोष स्वतःच्याच माथी मारतोय, त्याला पहिली वाट. अडचण अशी की ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक मुंबई-पुण्यात सापडतात, तालुक्याच्या गावी शोधत बसावं लागतं. भावानं पहिली वाट धरली, सहा महिन्यांनी तो अडकला, तेव्हा दुसरी जोडली.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी हवी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगाशी नातं. वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचाराला हा क्रम फार महत्त्वाचा. पहिल्याच दिवशी विहिरीत उडी मारायला लावणारा उपचार नको. भावाचे पहिले दोन महिने घटनेबद्दल एक अवाक्षर न बोलता गेले. तो शिकला ते एवढंच, की वासानं गरगरायला लागलं तर पाय जमिनीवर दाबायचे आणि दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. रिक्षात माझ्याशेजारी बसून तो पुटपुटायचा, "मीटर, लिंबू-मिरची, आरसा, छत्री, ताईची पिशवी." 'दहा-बारा भेटींत संपेल' हा आकडा एकाच अपघातानंतरच्या त्रासाचा असतो. लहानपणच्या, लांबलेल्या छळाला वेळ जास्त लागतो. ११व्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात या त्रासाला 'गुंतागुंतीचा' म्हणून वेगळी नोंदच आहे.

फोन आणि गट

रात्री दोन वाजता कुणाचंच दार उघडं नसतं. तेव्हा १४४१६, केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नको वाटलं तर मध्येच फोन ठेवता येतो आणि भावाला तेच सगळ्यात आवडलं होतं. उपचार म्हणून ते पुरेसं नाही, पहिली पायरी म्हणून उत्तम.

अशाच अनुभवातून गेलेल्यांच्या गटात न बोलताही बसता येतं, आणि आपण एकटे नाही हे दुसरं कुणी इतकं पटवू शकत नाही. पण सुरुवातीच्या महिन्यांत दुसऱ्याची कहाणी ऐकून आपलीच जखम उघडते. शिवाय पुरुषांसाठीचे गट फार थोडे. मी तरी आधी वैयक्तिक उपचार, मग गट असंच सांगेन.

तक्रार करायची की नाही

सगळ्यात जास्त सांगावं लागतं ते इथं. पोलिसांना, दंडाधिकाऱ्यांना, मग न्यायालयात उलटतपासणीत, आणि सगळं तपशीलवार. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्या कायद्याखालच्या तक्रारीला वयाची किंवा काळाची मर्यादा नाही, हे केंद्रानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पण २०१२ आधीच्या घटनेला तेव्हाचाच कायदा लागतो. मुलीवरचा बलात्कार असेल तर कितीही वर्षांनी गुन्हा नोंदवता येतो. मुलगा असेल तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७७, 'अनैसर्गिक संभोगा'चं. 'विनयभंगा'सारख्या कमी शिक्षेच्या कलमांना मात्र तेव्हा तीन वर्षांची मुदत होती. म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी वकिलाशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं, पुरुषांना उत्पन्नाच्या अटीत.

उपचार आणि तक्रार यांतलं एक निवडावं लागत नाही. पण उपचाराचा आधार उभा राहायच्या आत तक्रारीत उतरलेली माणसं फार दमतात. याला अपवाद एकच: अत्याचार करणाऱ्याच्या आवाक्यात आज एखादं मूल असेल आणि त्याच्यावर तसं घडतंय असं कळलं, तर कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी. समुपदेशकालाही पहिल्याच भेटीत विचारा, आमच्यात काय राहील आणि तुम्हाला काय कळवावं लागेल.

भावानं अजून तक्रार केलेली नाही. लहान मुलं असलेल्या दोन चुलत बहिणींना त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. आरतीची यादी आता मी करते.

सोबत जाणाऱ्यासाठी एवढंच, की भेट संपल्यावर "काय काय विचारलं?" असं विचारू नका. पहिल्या खेपेला मी विचारलं आणि घरापर्यंतचा तास गप्प गेला. नंतर तो खाली आला की मी फक्त "चहा घेणार?" म्हणायचे. बहुतेकदा तो "नको, घरीच जाऊ" म्हणायचा. एकदा म्हणाला, "घेऊ. तिथं कोपऱ्यावर, उभ्यानंच." आम्ही उभ्यानं चहा घेतला, आणि दुसरा कप मागवून तो पहिल्यांदा आपणहून बोलायला लागला.