घरी येऊन शिरेतून प्रतिजैविक देणारी परिचर्या सेवा: आमचा अनुभव

वडिलांच्या गुडघ्याच्या सांध्यात जिवाणूंचा संसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधीच सुईने सांध्यातले पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवले, दुर्बिणीतून सांधा धुऊन पू काढला आणि अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आल्यावर सेफाझोलिन हे प्रतिजैविक ठरवले: 2 ग्रॅम, दर 8 तासांनी, शिरेतून. निव्वळ इंजेक्शनांसाठी रुग्णालयात राहणे नको, म्हणून दंडात पिक लाइन (शिरेतून आत सरकवलेली लांब, बारीक नळी) बसवून आम्ही ही सेवा घेतली.

सेवेचे खरे मोल परिचारिकांच्या हातात आहे. दर वेळी त्या लाइनचे तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने 15 सेकंद घासत, ते पूर्ण वाळू देत, 10 मिलीच्या सिरिंजने सलाईन सोडून लाइन मोकळी असल्याची खात्री करून घेत आणि मगच औषध जोडत. ही नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली असते, त्यामुळे इथली हयगय म्हणजे नव्या जंतूंना थेट रक्तात वाट करून देणे. पट्टी बदलताना नळीचा बाहेर राहिलेला भाग मोजून वहीत लिहिला जाई, हे मला विशेष भावले.

वेळेच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. रात्रीची मात्रा दोनदा तीन तास उशिरा मिळाली. सेफाझोलिनचा परिणाम त्याची रक्तातली पातळी किती काळ टिकते यावर अवलंबून असतो, तेव्हा हा उशीर क्षुल्लक नाही. दर आठवड्याच्या रक्ततपासणीचे अहवालही आम्ही मागितल्याखेरीज डॉक्टरांकडे पोचत नसत.

त्याहून मोठी उणीव म्हणजे गोळ्यांचा विषय सेवेकडून कधीच निघाला नाही. हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गावर ब्रिटनमध्ये 1,054 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हिवा चाचणीत, पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या तोंडी औषधांनी केलेले उपचार एका वर्षानंतर पाहता इंजेक्शनांपेक्षा कमी ठरले नव्हते. शेवटी आम्हीच विचारले, तेव्हा उतरलेला सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक), मोकळा झालेला गुडघा आणि कल्चरमधली औषध-संवेदनशीलता पाहून डॉक्टरांनी उरलेल्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या.

लाइन निघाली त्या दिवशी परिचारिकेने ती मोजपट्टीशेजारी सरळ धरून मोजली, पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडली आणि टोक अखंड असल्याचे वडिलांना दाखवूनच वहीत सही केली.