इन्फ्यूजन पंप घेताना आमचे ३ लाख ६२ हजार १६० रुपये गेले, त्याची हकिकत

रक्कम आधीच सांगते. पंपांचे ३,००,१६०. 'सल्ल्याचे' ९,५००. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पंपाचा वेग तपासल्याच्या, खोट्या सर्टिफिकेटांचे १०,५००. आणि शंका आल्यावरसुद्धा दिलेले सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळ्यांचे, ४२,०००. एकूण ३,६२,१६०. यातले शेवटचे बेचाळीस हजार आठवले की आजही रात्री जाग येते.

नाशिकला इंदिरानगर भागात आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. यजमान फिजिशियन. मी बी.कॉम.; गेली चौदा वर्षं हिशेब, खरेदी, पगार सगळं माझ्याकडे. कापसाच्या बंडलापासून मॉनिटरपर्यंत प्रत्येक बिल माझ्या हाताखालून जातं आणि चौदा वर्षांत मला कुणी हजार रुपयांना फसवलेलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण "मॅडमनी नीट बघितलं नसेल" हे वाक्य मी आत्तापर्यंत चार ठिकाणी ऐकलंय. मी बघितलं होतं. दीड महिना बघत होते.

२०२४ च्या दिवाळीनंतर चार खाटांचं आयसीयू सुरू करायचं, असं ठरलं. त्यासाठी चार सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ढकलणारे) आणि तीन व्हॉल्युमेट्रिक पंप (बाटलीतलं सलाईन मोजून सोडणारे) हवे होते. नॉरअॅड्रेनालिन हे रक्तदाब टिकवणारं औषध ताशी दोन-तीन मिलि जायचं असतं, ते नळीवरचं चाक फिरवून आणि थेंब मोजून होत नाही. तीन कोटेशनं मागवली आणि तुलना करायला बसले. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की माहितीपत्रकं सगळी एकसारखी असतात. वेग ०.१ ते १२०० मिलि ताशी, अचूकता अधिक-उणे ५ टक्के, सिरिंज पंपाची २ किंवा ३ टक्के, नळीतली हवा ओळखणारा बबल सेन्सर, नळी अडली की वाजणारा ऑक्लूजन अलार्म, औषध संपल्यावर शीर बंद पडू नये म्हणून बारीक धार ठेवणारं केव्हीओ. आकडे तेच आणि किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. का, ते कुणी सांगत नाही. मी विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या पंपाला नावं ठेवायचा.

नेमका त्या वेळी हा माणूस आला. हॉस्पिटलच्या खरेदीवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथे मी प्रश्न टाकला होता. त्याने वेगळा मेसेज केला. स्वतंत्र बायोमेडिकल सल्लागार, कुठल्याही कंपनीशी संबंध नाही, तीन पंपांची निष्पक्ष तुलना करून देतो, फी ९,५००. फी घेतोय म्हणजे कमिशनवर जगत नाही, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

त्याचा तक्ता पाच पानांचा होता आणि, खोटं कशाला बोलू, चांगला होता. त्यात बॅटरी किती तास, बोलसवर (एकदम जाणाऱ्या डोसवर) मर्यादा घालता येते का, पंपाचं दार उघडलं तर सलाईन आपोआप बंद होतं का, कुठल्या कंपनीच्या सिरिंज चालतात, सगळं होतं. दोन पंपांना त्यांचाच खास सेट लागतो, त्याचा पाच वर्षांचा खर्च काढून लाल अक्षरांत दाखवला होता. तिसऱ्यासमोर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ओपन सिस्टिम, कोणताही सेट चालतो'. तिसरा पंप पुरवणारा त्याचाच माणूस होता, हे आता सांगायची गरज नाही. तक्त्यातली निम्मी माहिती खरी होती, म्हणूनच उरलेल्या निम्म्यावर विश्वास बसला.

वर घाई. सिंहस्थ २०२७ ला आहे, सरकारी खरेदी सुरू झाली की नाशिकमध्ये पंप मिळणार नाहीत, भाव वाढतील. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तो म्हणाला, "ताई, कोविडमध्ये काय झालं आठवतं ना?" आठवत होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका ऑक्सिजन सिलिंडरसाठी ह्यांनी रात्रभर फोन केले होते. त्या आठवणीला त्याने हात घातला.

आता डेमोचा दिवस. हा मी शंभर वेळा मनात परत बघितलाय.

पंप टेबलावर ठेवला, वायर लावली, बटण दाबलं. सुरू होताना तो स्वतःची तपासणी करतो, तेव्हा दोन-तीन सेकंद एक ओळ येते. मी अगदी समोर बसले होते. ओळीत एक पाच आकडी संख्या दिसली, ३ ने सुरू होणारी. तेवढ्यात त्याने अंगठा स्क्रीनवर आणला, जणू धूळ पुसतोय. मी विचारलं, "काय होतं ते?" मी विचारलं होतं! तो म्हणाला, "सॉफ्टवेअरचा नंबर आहे, ताई." आणि मी मान हलवली. परत बंद करून चालू करा, एवढं म्हणायला काय जात होतं? पाच सेकंदांचं काम. पण समोर आमच्या दोन सिस्टर उभ्या होत्या, ओपीडीत गर्दी होती, मला मशीनमधलं कळत नाही हे सगळ्यांसमोर दिसायला नको होतं. त्या संकोचाची किंमत तीन लाख.

ती संख्या होती ३१,४६८. पंप आतापर्यंत किती तास चाललाय त्याचा आकडा. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे 'नवा' पंप साडेतीन वर्षांहून जास्त काळ अखंड चाललेला होता. पंप घेताना सर्व्हिस मेनू उघडून चाललेले तास दाखवा म्हणायचं. दाखवत नसेल तर चहा पाजून वाटेला लावायचं.

बिल: सिरिंज पंप ४, प्रत्येकी ३२,५००. व्हॉल्युमेट्रिक ३, प्रत्येकी ४६,०००. बेरीज २,६८,०००, त्यावर १२ टक्के जीएसटी ३२,१६०. अर्धे म्हणजे १,५०,०८० मी १२ नोव्हेंबरला एनईएफटीने पाठवले, तेवढेच २९ नोव्हेंबरला माल आल्यावर. आणि या बिलातच दुसरी गोष्ट माझ्या नजरेसमोर होती. जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. गुजरातमधून माल नाशिकला आला तर आयजीएसटी लागतो. याच्या बिलात सीजीएसटी ६ आणि एसजीएसटी ६, जे एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात. कॉमर्सच्या पोरालाही दिसेल अशी चूक. मला का दिसली नाही? हॉस्पिटलच्या सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे आम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे खरेदीची बिलं जीएसटीच्या पोर्टलशी ताडून बघायची सवयच नाही. हे कारण खरं आहे. तरी लाज वाटते ती वाटतेच. तुम्ही बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका, फुकट आहे. मी नंतर टाकला, तर तिथे विजेच्या सामानाचं दुकान निघालं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जुलाबाने आलेल्या एका आजोबांना सलाईन लावलं होतं. ५०० मिलि, ताशी १००. पाच तास चालायला हवं होतं. साडेतीन तासांत बाटली रिकामी. साधं सलाईन होतं आणि हृदय, किडनी ठणठणीत होती म्हणून काही झालं नाही. त्याच पंपावर, जोरात गेलं तर जिवावर बेतणारं पोटॅशियम असतं तर? हा विचार मला अजून सोडत नाही. पैशांचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

मी लगेच सल्लागाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, सेट कुठला वापरलात?" ओपन सिस्टिम असली तरी प्रत्येक कंपनीच्या सेटसाठी पंप वेगळा कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणून मूळ सेटच घ्या, २०० घेतलेत तर २१० ला एक. यातला पहिला भाग खरा आहे, तेच त्याचं कसब. वेगळ्या सेटची नळी वेगळ्या जाडीची, म्हणून वेग चुकतो. ह्यांनीही तेच सांगितलं. मी ४२,००० पाठवले. ज्या तक्त्यात 'कोणताही सेट चालतो' लिहिलं होतं तो माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

नवे सेट आल्यावर आमच्या आयसीयूच्या सिस्टरने जे केलं ते मी डेमोच्या दिवशी करायला हवं होतं. मोजपात्र आणि घड्याळ घेतलं. ताशी ६० लावलं, वीस मिनिटांत २० मिलि पडायला हवं. पाच टक्क्यांची सूट धरली तर १९ ते २१. तीन पंपांतून पडलं २८, २६ आणि २१. मग रोलर क्लॅम्प (नळीवरचं चाक) बंद करून ताशी १०० लावलं. मिनिटा-दोन मिनिटांत पंपाने ओरडायला हवं होतं. चार मिनिटं तो गप्प, नळी फुगली. वायर काढली, 'आठ तासांची' बॅटरी ३५ मिनिटांत संपली. सिरिंज पंपांपैकी दोन तर ५० मिलिची सिरिंज २० ची समजत होते, म्हणजे औषध दुप्पट जाणार. सगळ्या तपासणीला मोजून एक दुपार लागली. हे विकत घेण्याआधी करा, तुमच्या सिस्टरच्या हाताने, तुमच्या वॉर्डात रोज वापरता तोच सेट आणि तीच सिरिंज लावून. विकणाऱ्याला बटणाला हात लावू देऊ नका.

मग पंप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढला, व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर त्याचाच भाऊबंद बसलेला असतो. स्क्रीनवरचा सिरियल नंबर सांगितला. पंप २०१३ चा आणि भारतात विकलेलाच नव्हता. मागच्या स्टिकरवर सिरियल नंबर वेगळा, साल २०२४. नखाने कोपरा उचलला तर खाली जुनं लेबल. बाहेरून आणलेल्या पंपावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक छापलेला असावा लागतो. आमच्यावर फक्त क्रमांकासारखं काहीतरी होतं. मी कधी वाचलंच नव्हतं.

कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं सात, प्रत्येकी १,५००. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का सुंदर, पण यूएलआर, म्हणजे प्रत्येक रिपोर्टचा वेगळा क्रमांक, नाही. आणि त्या लॅबचं नाव एनएबीएलच्या यादीत नाही.

आता तक्रारीचं सांगते, कारण फसवणुकीपेक्षा याने जास्त थकवलं. ६ जानेवारीला पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते लिहीत नाही. साडेतीन तास बाकावर. मग साहेबांनी विचारलं, "मशीन चालू होतं का?" हो. "सलाईन येतं का?" हो. "मग फसवणूक कुठे? हा दिवाणी वाद आहे, वकील बघा." मी सिस्टरने लिहिलेले आकडे पुढे केले. त्यांनी कागद न बघता परत दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी पाठ करून गेले होते, म्हटलं खोट्या साल-नंबरची वस्तू नवी म्हणून विकणं हे फसवणूक नाही तर काय? तर म्हणे, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच बघून घ्यायला हवं होतं." दुसऱ्यांदा गेले, तर सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी सांगितलं, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, इकडचा विषय नाही. परत ठाण्यात. परत बाक. बँकेत गेले तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नाही तर पत्र कशाचं?

परवाने बघणाऱ्या एका कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की विनापरवाना माणसाकडून तुम्ही माल घेतलाच कसा. म्हणजे गुन्हेगार मी. अर्जावर आवकचा शिक्का मिळाला. चार वेळा खेटे घातले, प्रत्येक वेळी साहेब दौऱ्यावर. ते पंप याच शहरात आणखी कुणाच्या तरी हाताला लावलेले असतील, हे मी तिथे उभं राहून मोठ्याने सांगितलं. समोरच्याने लेखी द्या म्हटलं. लेखीच तर दिलं होतं!

ग्राहक आयोगाचा रस्ताही वाटतो तेवढा सोपा नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, पण वीस खाटा आणि अकरा नोकर म्हटल्यावर समोरचा वकील ते उडवून लावेल, असं आमच्या वकिलांचं मत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. तारीख मिळाली आहे.

तुम्ही घेणार असाल तर विकणाऱ्याकडे एमडी-४२ नोंदणी मागा. उपकरणं विकायला ती लागते. आयात माल असेल तर एमडी-१५, म्हणजे आयात परवाना. कागद मागितल्यावर जो "ताई, आपल्यात कागद कशाला" म्हणतो, तिथेच थांबा. निम्मे पैसे आधी कधीच देऊ नका. महिनाभर वापरून झाल्यावर द्यायचा भाग मोठा ठेवा आणि तसं पर्चेस ऑर्डरवर लिहा. पंपामुळे पेशंटला त्रास झाला किंवा होता होता टळला, तर मटेरिओव्हिजिलन्सचा (उपकरणांमुळे झालेला त्रास कळवायचा सरकारी) फॉर्म भरा, तो हॉस्पिटलही भरू शकतं. आम्ही भरला.

सातही पंप स्टोअरमध्ये आहेत, प्रत्येकावर सिस्टरने चिकटपट्टी लावून 'वापरू नये' लिहिलंय. भंगारात द्यायचे नाहीत असं मी सांगितलंय, कारण भंगारातून ते परत कुणाच्या तरी आयसीयूत जातील.

त्या तक्त्याची खूण सांगते, नाव सांगितलं तर तो उद्या दुसरं घेईल. पाच पानं, तीन पंपांचे तीन रकाने, खर्चाची ओळ लाल, तिसरा रकाना हिरवा. दुसऱ्या पानावर बॅटरीच्या ओळीत तिसऱ्या पंपासमोर 'आठ तास' आकड्यात नाही, अक्षरात लिहिलंय; बाकी सगळीकडे आकडे आहेत. हा कागद नाशिक, सिन्नर, मालेगाव, कुठेही तुमच्या टेबलावर आला असेल, तर पैसे पाठवू नका आणि त्याला कळू न देता मला आधी कळवा. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर माझ्या एकटीच्या कागदापेक्षा चार जणांचे कागद ठेवता आले तर हवे आहेत.